करकरे साहेबांनी मरायच्या आधी काय केलं? (सातवीतल्या पोट्ट्याचा प्रश्न)

खडूडस्टर | गुरुवार, रात्री ९.४०

मंडळी, मी सेलू तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका गावात जि. प. शाळेवर मास्तर. काल २६ नोव्हेंबर. सकाळी संविधान दिन म्हणून उद्देशिकेचं वाचन, आणि त्याच दमात मुंबई हल्ल्यातल्या शहिदांना श्रद्धांजली. एकाच हारात दोन कार्यक्रम. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे सातवीच्या पटावर ३१ आणि हजर १७.

त्या हल्ल्यात शहीद झालेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे वर्ध्यात वाढले, वर्ध्यातच शिकले, म्हणून दरवर्षी मी त्यांच्यावर दहा मिनिटं बोलतो. भाषण पाठ आहे. सीएसटी, कामा हॉस्पिटल, रंगभवनची गल्ली, अशोकचक्र, भारतमाता की जय. यंदा मागच्या रांगेतला एक पोट्टा उभा राहिला. म्हणे, "सर, ते मेले ते समजलं. मराच्या आधी त्याईनं का केलं?"

वर्ग हसला. मी म्हटलं, तपास केला. तो म्हणे, "म्हंजे का करते?"

घंटा झाली म्हणून वाचलो. पण रात्री झोप येईना. १२ डिसेंबर १९५४ चा जन्म, म्हणजे माणूस ५३ वर्षं जगला आणि मी सतरा वर्षांपासून त्याचे शेवटचे तीन तास सांगतोय. सातवीतल्या लेकराला समजेल असं काय सांगू? जाणकारांनी मदत करावी. विकिपीडिया मीही वाचलाय, तो इथे चिकटवू नये ही नम्र विनंती.

तर्रीबाज | ९.५२

वर्ध्याचा वाघ! 🙏🙏

देवळीकर | १०.०५

वाघ म्हणू नका हो. बोरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या पोरांना वाघ म्हटलं की गोऱ्हा नेणाराच आठवतो. आमच्या काकाचा बैल नेला, पंचनाम्याला चार दिवस लागले.

अवांतराबद्दल क्षमस्व. प्रश्न मस्त आहे. त्या पोट्ट्याला माझ्याकडून एक समोसा.

तर्रीबाज | १०.०९

@देवळीकर, बरं बाप्पा, वाघ कॅन्सल.

जुना व्हीआरसीईयन | १०.४८

करकरे आमच्याच कॉलेजचे, मेकॅनिकल, १९७५ ची बॅच. तेव्हा नागपूरचं व्हीआरसीई, आता व्हीएनआयटी म्हणतात. मी बराच नंतरचा, त्यामुळे ओळख असण्याचा प्रश्न नाही.

पोलिसात येण्याआधी त्यांनी राष्ट्रीय उत्पादकता परिषदेत आणि हिंदुस्तान लिव्हरमध्ये नोकरी केली, आणि १९८२ साली आयपीएस झाले. त्या काळी लिव्हरची नोकरी म्हणजे काय ते आजच्या पोरांना कळणार नाही. आमच्या घरात कोणी ती सोडून खाकी घालतो म्हटला असता तर वडिलांनी आधी त्याला मेडिकलला नेऊन डोकं तपासलं असतं.

सर, तुमचा मूळ प्रश्न 'तपास म्हणजे काय' असा आहे. माझ्या इंजिनीयर डोक्याला सुचलं ते सांगतो. वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या घरी विहिरीवर मोटरपंप असेल. पंप बंद पडला की बाप काय करतो? शेजाऱ्यानं काही केलं असेल म्हणून भांडायला जात नाही (किंवा जातो, पण नंतर). आधी लाईन आहे का बघतो. तिन्ही फेज आहेत का. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग कंडेन्सर. सगळं ठीक निघालं तर मोटर वर काढतो आणि वाइंडिंग जळलंय का ते हुंगून बघतो. एकेक गोष्ट बाद करत जायची आणि बाद केलेलं लिहून ठेवायचं. तपास म्हणजे हेच. फरक इतकाच की इथे पंपाला वाटत असतं आपण सापडू नये.

पऱ्हाटी | ११.०२

हुंगून बघतो हे एकदम बरोबर. जळलेल्या वाइंडिंगचा वास आमच्या घरातल्या तीन वर्षाच्या पोरीलाही ओळखू येतो. महावितरणची कृपा.

शंकेखोर | ११.१५

कोणीतरी वाईटपणा घ्यायलाच पाहिजे म्हणून मी घेतो. एटीएसचा म्हणजे दहशतवादविरोधी पथकाचा प्रमुख (करकरे), पूर्व विभागाचा अतिरिक्त आयुक्त (कामटे) आणि खंडणीविरोधी पथकाचा वरिष्ठ निरीक्षक (साळसकर), तिघंही एकाच क्वालिसमध्ये बसले. ही चूक नव्हती का? शौर्याबद्दल शंका नाही. पण लेकरांना सांगताना चूकही सांगाल की नाही? सैन्यात दोन वरिष्ठ सहसा एका गाडीत बसत नाहीत.

तर्रीबाज | ११.१७

आले. दरवर्षी २६/११ च्या धाग्यावर हे येतातच.

निवृत्त हवालदार | शुक्रवार, सकाळी ६.२०

पहाटे चारला उठायची सवय सुटली नाही, म्हणून आत्ता वाचलं. ३३ वर्षं नोकरी केली, सगळी विदर्भात. मुंबईची ड्युटी फक्त बंदोबस्तापुरती. पण शंकेखोर यांना उत्तर देतो.

घरी बसून आपल्याला नकाशा दिसतो. त्या रात्री कोणालाच दिसत नव्हता. लिओपोल्ड, ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस, सीएसटी, टॅक्सीतले स्फोट. वायरलेसवर एकाच वेळी दहा जण बोलत असले म्हणजे काय होतं ते साध्या दंगलीतसुद्धा मी अनुभवलंय, इथे तर शहरभर आग. अतिरेकी किती, दहा की पन्नास, तेही ठाऊक नाही. सीएसटीवर पन्नासहून जास्त माणसं मारून दोघं कामा हॉस्पिटलात शिरले होते. तिथे सदानंद दाते साहेब वरच्या मजल्यावर ग्रेनेडनं जखमी होऊन लढत होते. हे लोक त्यांच्या मदतीला निघाले होते. समोर दिसली ती गाडी घेतली. साळसकर स्वतः स्टिअरिंगवर, बाजूला कामटे, मधल्या सीटवर करकरे, मागे चार शिपाई. आपला माणूस वर अडकलाय म्हटल्यावर 'तुम्ही दुसऱ्या गाडीत या साहेब' असं म्हणणारा मी तरी पाहिला नाही.

आता हत्यारांचं. स्टेशनवरच्या पोलिसांच्या हातात काठ्या आणि थ्री नॉट थ्री. ती रायफल मी चालवली आहे. एक गोळी झाडली की बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. समोरच्याच्या हातात एके-४७. चूक शोधायची तर ती गाडीच्या आधी, पार शस्त्रागारापासून शोधत या. राम प्रधान समिती त्यासाठीच तर बसली होती.

शंकेखोर | ७.४५

हवालदार साहेब, मान्य. पण 'चूक गाडीच्या आधी होती' म्हणजे चूक होतीच ना? मग मी वेगळं काय बोललो?

निवृत्त हवालदार | ७.५८

वेगळं हे बोललात की ती गाडीत बसणाऱ्यांची होती.

शंकेखोर | ८.१०

ठीक आहे. माझे शब्द तसे झाले खरे. पण प्रश्न सोडलेला नाही.

क्वार्टर नं. ७ | दुपारी १.३०

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझे मिस्टर यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठाण्यात आहेत. साधे शिपाई.

टीव्हीवर करकरे साहेब हेल्मेट आणि जॅकेट चढवताना दाखवतात ते सगळ्यांना आठवतं. मला मात्र त्याच्या आधीचं लक्षात राहिलं. फोन आला तेव्हा ते दादरच्या घरी जेवायला बसले होते, असं तेव्हा पेपरात आलं होतं. ते वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आमच्याकडे हे महिन्यातून चार वेळा होतं. वरण-भात कालवलेला असतो, फोन वाजतो. माणूस हात धुतो, पट्टा आवळतो, "येतोच" म्हणतो. मी ताटावर ताट पालथं घालून ठेवते. सासूबाईंनी शिकवलंय, उठलेल्या माणसाचं ताट लगेच घासायचं नाही. पोळ्याला असेच गेले ते तिसऱ्या दिवशी आले, गावात दोन गटांची मारामारी झाली होती. ताट अर्थातच कधीचं घासून टाकलं होतं. आल्या आल्या पहिला प्रश्न, "माह्या ताटातली पुरणपोळी कोणं खाल्ली?"

सर, पोरांना हे सांगा. मरायच्या आधी काय केलं, तर जेवण अर्धं टाकून उठले.

पऱ्हाटी | १.४१

ताई 🙏 पुरणपोळी कोणं खाल्ली मग?

क्वार्टर नं. ७ | १.४४

मीच 🙂

चांद्याचा | दुपारी ३.२५

चंद्रपूरकर म्हणून हजेरी लावतो. करकरे साहेब आमच्या जिल्ह्याचे एसपी होते. तेव्हा मी लहान, आठवण अशी काहीच नाही. पण वडील वनखात्यात असल्यामुळे एक गोष्ट घरात ऐकत आलोय आणि ती नंतर छापूनही आली. साहेबांना वाळल्या लाकडाचा नाद होता. नदीतून वाहत आलेले ओंडके, मुळ्या, जंगलात पडलेली फांदी असं काय काय आणायचे आणि त्यातून शिल्पं करायचे. पायरोग्राफर लोक लाकूड जाळून चित्र काढतात तसलं नाही. लाकडात जे आधीच दिसतंय तेवढं मोकळं करायचं. कुठे पक्ष्याची मान, कुठे बाईची पाठ.

जंगलाच्या जिल्ह्यात दौऱ्यावर गेलेला साहेब परत येताना काय आणतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, स्पष्ट लिहीत नाही. हा माणूस जळाऊ लाकूड आणायचा. तेही दुसऱ्याच्या चुलीला नको असलेलं.

पुढे सात वर्षं 'रॉ'मध्ये, ऑस्ट्रियात. तिथून आल्यावर जानेवारी २००८ मध्ये एटीएस. म्हणजे ज्या खुर्चीमुळे आपण त्यांना ओळखतो ती जेमतेम अकरा महिन्यांची.

निनावी माणूस | ३.५०

अकरा महिन्यांत मालेगाव केलं म्हणूनच तर... त्याबद्दल कोणी का बोलत नाही? निकाल लागला ना आता?

संपादक मंडळ | ४.१५

२९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा तपास एटीएसने करकरे यांच्या नेतृत्वाखाली सुरू केला होता. पुढे तो एनआयएकडे गेला. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. या निकालावर स्वतंत्र धागा आहे, तिथे साडेचारशे प्रतिसाद झालेत आणि तीन सदस्य सध्या सुट्टीवर आहेत. इथे तो विषय नको. यापुढचे तसले प्रतिसाद उडवले जातील.

देवळीकर | ४.२०

'सुट्टीवर आहेत' 😂

झाडीपट्टी | रात्री ८.३०

धागा वाचून राहिलो सकाळपासून. माझं गाव कुरखेडा तालुक्यात, जि. गडचिरोली. लहान भाऊ सी-६० मध्ये, म्हणजे नक्षल्यांविरुद्धच्या पोलीस पथकात आहे.

मुंबईच्या शहिदांबद्दल आदरच आहे. पण २६/११ म्हटलं की अख्ख्या देशाला तारीख कळते. १ मे २०१९ म्हटलं की लोक म्हणतात, महाराष्ट्र दिन. त्या दिवशी सकाळी आमच्याकडेही झेंडावंदन झालं. आदल्या रात्री नक्षल्यांनी दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, म्हणून पथक तिकडे निघालं. खासगी गाडीत. जांभूळखेड्याजवळ सुरुंग फुटला. १५ जवान गेले, आणि गाडीचा ड्रायव्हर, तो तर पोलीसही नव्हता. त्याच्या दहा वर्षं आधी, २००९ मध्ये, एकाच वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६, लाहेरीला १७. हत्तीगोट्याच्या १६ मध्ये पाच महिला पोलीस होत्या. किती जणांना ही गावं नकाशावर दाखवता येतील?

शंकेखोर भाऊ, तुमचा गाडीचा प्रश्न आम्हालाही पडला होता. पण आमच्यासाठी टीव्हीवर कोणी रात्रभर चर्चा केली नाही.

भाऊ अभियानावर गेला की चार-पाच दिवस फोन लागत नाही. परत आला की अंगणातच बूट काढतो. मोजे काढल्यावर पाय पाहावे, पांढरेफट्ट, बोटांच्या बेचक्या फाटलेल्या. माय गरम पाण्यात मीठ टाकून गंगाळ पुढे सरकवते. कुठं गेलता, का झालं, एक शब्द विचारत नाही. "जेवला का गा?" एवढंच.

पुस्तकी किडा | ८.५५

भावना समजते, पण तांत्रिकदृष्ट्या नक्षलवाद आणि दहशतवाद एक नव्हेत. एकाला सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी आहे...

झाडीपट्टी | ९.०१

बरोबर आहे साहेब. हा फरक परीक्षेत नक्की लिहा.

चांद्याचा | ९.१०

@झाडीपट्टी, एक धागा जुळवून देतो. सी-६० १९९० मध्ये सुरू केलं ते तेव्हाचे गडचिरोलीचे एसपी के. पी. रघुवंशी यांनी. स्थानिक पोरं घेतली, ज्यांना गोंडी-माडिया येते आणि पायवाटा ठाऊक आहेत. सुरुवातीला साठ जण, म्हणून सी-६०. करकरे गेल्यावर एटीएसची सूत्रं याच रघुवंशींकडे आली. म्हणजे मुंबईच्या त्या खुर्चीवर लागोपाठ दोन माणसं बसली ती आपल्या जंगलातून तावूनसुलाखून गेलेली.

झाडीपट्टी | ९.१८

हे माहीत नव्हतं. भावाला सांगतो.

तर्रीबाज | ९.३०

पुलवाम्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोघं गेले होते, सीआरपीएफचे. तेही यादीत घ्या.

अंबानगरी | ९.४४

अमरावतीकर गप्प बसले तर बरं दिसणार नाही. २६ जानेवारी २००९ ला राजपथावर करकरे साहेबांच्या पत्नी कविता यांच्या हातात अशोकचक्र देणाऱ्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, म्हणजे आमच्या अमरावतीच्या सूनबाई. घेणारे वर्ध्याचे, देणाऱ्या अमरावतीच्या. 😌

देवळीकर | ९.४७

झालं, अमरावतीनं इथेही घुसून दाखवलं. आता अकोलेकर येतील, पदकाचं लाकडी खोकं आमचं म्हणून.

निवृत्त हवालदार | शनिवार, सकाळी ६.०५

अंबानगरी यांनी कविताताईंचं नाव काढलं म्हणून. त्या बाईंनी साहेबांच्या बुलेटप्रूफ जॅकेटचा पिच्छा पुरवला. ते कुठे गेलं, ते कसलं होतं, माहितीचा अधिकार वापरून विचारत राहिल्या. जॅकेट गहाळ झालं होतं. आता जॅकेट छाती झाकतं, मान आणि खांदा झाकत नाही, हे आम्हालाही ट्रेनिंगला सांगतात. पण बाईंचा मुद्दा एका जॅकेटचा नव्हता, सगळ्यांच्या जॅकेटचा होता. सप्टेंबर २०१४ मध्ये त्या गेल्या, मेंदूतल्या रक्तस्रावानं. मुलांनी त्यांचे अवयव दान केले.

आणि क्वालिसमधले शिपाई. रंगभवनच्या गल्लीत अतिरेक्यांनी गाडीवर गोळ्या झाडल्या आणि गाडीच पळवली. सातांपैकी सहा गेले, अरुण जाधव तेवढे वाचले. हाताला गोळ्या लागलेल्या, बंदूक उचलता येईना, अंगावर सहकाऱ्यांचे देह. पुढच्या सीटवर कसाब आणि इस्माईल बसून गाडी चालवतायत आणि हा माणूस मागे श्वास रोखून. त्यांनी गाडी टाकल्यावर जाधवांनी वायरलेसवर कळवलं. मग गिरगाव चौपाटीची नाकाबंदी आणि कसाबवर झडप घालून त्याला धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे. गाडीत बसायची चूक म्हणणाऱ्यांनी हेही धरावं, की त्याच गाडीतून ती खबर गेली.

शंकेखोर | ८.३०

हे मात्र मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

पुस्तकी किडा | ८.४५

अवांतर: ओंबळेंच्या नावाने एक कोळी आहे. ठाण्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला २०२१ मध्ये संशोधकांनी 'आयसियस तुकारामी' नाव दिलं.

पऱ्हाटी | ८.५०

मास्तर, हे पोरांना सांगा! पुतळ्यापेक्षा भारी. झडप घालणारा कोळी. आणि किडाभाऊ, तुमचे कालचे गुण परत.

खडूडस्टर | शनिवार, दुपारी २.१५

आज सकाळची शाळा होती. सांगतो काय झालं ते.

पंपाचं उदाहरण घेतलं. फळ्यावर स्टार्टर काढला आणि विचारलं, पंप बंद, आता काय बघायचं? वर्ग अंगावर आला. "कंडेन्सर सर!" "फेज गेला!" एक पोट्टी म्हणे, "आमच्याकडं उंदरानं वायर कुरतडली होती." मी प्रत्येक कारण लिहायचं आणि एकेक खोडत जायचं. शेवटी एक उरलं. म्हटलं, हाच तपास, आणि करकरे साहेब वर्षानुवर्षं हेच करत होते.

प्रश्नवाला पोट्टा आजही मागेच. म्हणे, "सर, आमच्या पंपाचा तं केबलच चोरून नेलता. त्याचा तपास अजून नाही लागला."

आता यावर काय बोलणार. म्हटलं, हो, काहींचा लागत नाही. त्याचं समाधान झाल्याचं दिसलं नाही, पण खाली बसला.

अर्ध्या ताटाची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र वर्ग शांत झाला. मग लाकडाचं सांगितलं, कोळ्याचं सांगितलं. लाहेरी आणि जांभूळखेडा नकाशावर शोधायला लावलं. आमच्या शाळेतल्या नकाशाला नेमकी गडचिरोलीवर वाळवी लागलेली आहे, म्हणून मोबाईलवर दाखवलं. झाडीपट्टी, हे तुमच्यासाठी.

क्वार्टर नं. ७ | २.३०

पुरणपोळीचं नाही ना सांगितलं?

खडूडस्टर | २.३३

सांगितलं. सगळ्यात जास्त तेच आवडलं.

खडूडस्टर | सोमवार, संध्याकाळी ५.५०

धागा वर काढतो, माफी. आज तोच पोट्टा नाल्यातून एक मुळी घेऊन आला, हातभर लांब, पाण्यानं गुळगुळीत झालेली. "सर, याच्यात का दिसते?" मला काहीच दिसेना. पोरांमध्ये वाद लागला. कोणी म्हणे घोरपड, कोणी म्हणे सायकलचं हँडल. व्हरांड्यात ठेवली आणि मधल्या सुट्टीनंतर बघतो तर गायब. खिचडीच्या मावशींनी चुलीपाशी नेऊन ठेवली होती. जाळायच्या आत पोहोचलो. मावशी म्हणे, "मले का माहीत, लाकूडच तं हाये."

चांद्याचा | ६.०५

फोटो टाका सर.

खडूडस्टर | ६.२०

पोट्टा घरी घेऊन गेला. दप्तरात मावली नाही, म्हणून पुस्तकं वर्गातच ठेवून गेला.